दोन गाड्या आणि एक डावा कान

गल्लीतले शेजारी, गिऱ्हाइकं, पोस्टमन, सगळे त्यांना कानसेन म्हणायचे. गाण्याबिण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी अंगाई म्हटली असती तर झोपलेलं मूल उठून बसलं असतं. पण गाडीचं बॉनेट उघडून ते दोन मिनिटं नुसते उभे राहिले, की आत काय बिनसलंय ते सांगायचे आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. ज्या वेळी निघालं नाही, त्या वेळांची आठवण काढायची नाही, असा त्यांच्या गॅरेजचा अलिखित नियम होता.

गॅरेज म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. आत दोन गाड्या उभ्या राहिल्या की माणसांनी पोट आत घेऊन चालायचं. भिंतीवर पाने आकारानुसार टांगलेले आणि प्रत्येक पान्याच्या मागे त्याच्याच आकाराची पांढरी रेघ, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लांबून कळावं. खिडकीजवळच्या खिळ्याला हातभर लांबीची एक काळी रबरी नळी लटकलेली असे. कानसेनांचं खरं अवजार ते. जुन्या इंजिनांना हवा आणि पेट्रोल कालवून देणारे कार्ब्युरेटर असतात. एका इंजिनाला दोन कार्ब्युरेटर असतील तर दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. नाहीतर एका बैलाने ओढायचं आणि दुसऱ्याने नुसतं शेजारून चालायचं, अशी गत होते. कानसेन नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरत आणि दुसरं कानाला लावत. आत जाणारी हवा सूं करून बोलायची. एकाचं ऐकायचं, दुसऱ्याचं ऐकायचं आणि स्क्रू फिरवत दोघांना एका आवाजावर आणायचं. हवा मोजायचं मीटर बाजारात मिळतं. कानसेनांनी एक आणलंही होतं. त्याच्या डब्यात सध्या वॉशर होते.

उभं राहण्याची त्यांची जागासुद्धा ठरलेली. गाडीच्या डाव्या बाजूला, पोट मडगार्डला टेकवून. पुढचा कार्ब्युरेटर डाव्या हाताला यायचा, म्हणून त्याला डावा कान. मागचा उजव्या हाताला, म्हणून त्याला उजवा कान. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि यात काही चुकीचं असेल हे कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्यांची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तीस वर्षं डोक्यावर हेडफोन चढवून बसलेली बाई. पलीकडच्याला ऐकू येतंय की तो नुसता हूं हूं करतोय, हे तिला लगेच कळायचं.

"अहो, तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही," ती दोन वर्षं सांगत होती.

"तू पुटपुटतेस," हे कानसेनांचं ठरलेलं उत्तर.

शेवटी तिने वाद सोडला. संध्याकाळी दोघं मागच्या पायरीवर चहा घेऊन बसत, तेव्हा ती मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला बसायची आणि आपल्याशीच काहीबाही बोलत राहायची. एकदा त्यांनी विचारलं, "तिकडे बसून काय बोलतेस गं?" तर म्हणाली, "बोलते आपलं. इकडे बरं पडतं, मध्ये कोणी तोंड घालत नाही." ती आपला उद्धार करते याबद्दल कानसेनांच्या मनात शंका नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारात तेवढा हक्क बायकोला असतो, असं म्हणून ते चहा प्यायचे.

शेडमध्ये नेमाने येणाऱ्या गाड्यांत सगळ्यात जुनी ओळख दोन जपानी गाड्यांची. एक नारिंगी डॅटसन २४०झेड आणि दुसरी हिरवी माझदा आरएक्स-७, पहिल्या पिढीतली. दोन्ही एकाच माणसाने घेतलेल्या. तो दगडाच्या खाणीवर मॅनेजर होता. डॅटसन त्याने लग्नाआधी घेतली आणि माझदा दुसरं मूल झाल्यावर. दोन माणसांच्या गाडीत आपण चौघं मावणार कसे, असं बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला होता, "दोन गाड्यांत." तो गेल्यावर डॅटसन थोरल्या मुलीकडे गेली, ती दातांची डॉक्टर. माझदा धाकट्या मुलाकडे, तो शाळेत गणित शिकवायचा. घर, भांडीकुंडी, कपाटं यांवरून भावंडांत एक शब्द झाला नाही. चांगली गाडी कोणती, यावरून मात्र पंधरा वर्षं वाद चालू होता.

आणि वादात दम होता, कारण दोन्ही बाजूंना मुद्दे होते. डॅटसनचं नाक लांबलचक, त्यात एका रांगेत सहा सिलिंडर, दर तिघांना एक असे दोन कार्ब्युरेटर. कागदावर दीडशे घोड्यांची ताकद, आणि ती खालपासूनच हाताशी. चढावर वरच्या गिअरमध्ये असताना पाय दाबला तरी कुरकुर न करता ओढणार. माझदाची तऱ्हाच निराळी. तिच्यात पिस्टन नाहीतच. बसक्या डब्यांत दोन तिकोनी चाकं गरगरतात, तेच इंजिन. ते इतकं लहान की पुढच्या चाकांच्या मागे सरकवून बसवता आलं, त्यामुळे गाडीचं वजन पुढे-मागे जवळजवळ सारखं आणि वळणावर ती रस्ता सोडत नाही. ताकद डॅटसनपेक्षा कमी, खाली तर फारच कमी. पण इंजिन वर चढवत नेलं की मोकळं होतं, आणि फेरे सात हजारांच्या आसपास गेले की बझर वाजवून सांगतं, बास आता. शिवाय ते जरा जरा ऑइल पितं. सुरुवातीला धाकट्याने ऑइलच्या पातळीचा आलेख काढून, पडलेल्या चेहऱ्याने आणून दाखवला होता. कानसेन म्हणाले, "अरे मास्तर, ती पितेच. बनवणाऱ्यानेच तशी बनवलीय. आपण पाजायचं आणि गप्प बसायचं."

जुन्या गाड्या जमवणाऱ्यांच्या बाजारात डॅटसनचं वजन जास्त होतं. त्यातही जिच्या इंजिनावर ठोकलेला नंबर बॉनेटखालच्या पट्टीवरच्या नंबराशी जुळतो, तिला मान मोठा. ही जुळत होती. माझदाला बरीच वर्षं कोणी विचारत नव्हतं, म्हणून ज्याने त्याने तिच्यात हवे ते बदल केले, आणि आता हात न लावलेली मिळत नाही म्हटल्यावर तिचाही भाव चढायला लागला होता. "आज थोरलं पुढे आहे," कानसेन म्हणायचे, "पण धाकटं मागून येतंय." ते गाड्यांबद्दल बोलतायत की मालकांबद्दल, हे दोघा भावंडांनी आपापल्या सोयीने ठरवायचं.

वडिलांच्या वाढदिवसाजवळच्या रविवारी निकाल लागायचा. खाण आता बंद होती, पण तिच्या रस्त्याच्या फाटकाची किल्ली जुन्या मॅनेजरच्या मुलांना मिळायची. तीन किलोमीटरचा चढ. कानसेनांची बायको पायथ्याशी फोन घेऊन उभी राहायची आणि गाडी निघाली की "सुटली" म्हणायची. कानसेन माथ्यावर फोन कानाला लावून घड्याळ दाबायचे. आधी एक गाडी, मग दुसरी. हरणाऱ्याने दोन्ही गाड्या धुवायच्या. ही शर्यत सुरू झाल्यापासून डॅटसनच जिंकत आली होती. उतारावर वेळ मोजायची नाही हा वडिलांचा दंडक होता, आणि धाकट्याचं सगळं दुःख त्या दंडकात होतं.

मग गेल्या वर्षी माझदा दोन सेकंदांनी जिंकली. यंदा सात सेकंदांनी. थोरलीने दोन्ही वर्षं बाह्या सावरून गाड्या धुतल्या आणि यंदा बादली ठेवताना विचारलं, "काका, असं का होतंय?"

आदल्याच संध्याकाळी कानसेनांनी नळी लावून दोन्ही कार्ब्युरेटर तपासले होते. आवाज अगदी सारखे होते. म्हणजे दोष तिथे नव्हता. ते म्हणाले, "इंजिन थकलंय गं. वय झालं त्याचं."

बोलायचं म्हणून बोलले. पण कानसेनांचा शब्द म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेलं. महिन्याभरात थोरलीने गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका नव्या गॅरेजशी बोलून टाकलं. जुनं इंजिन काढायचं, आताच्या काळातलं मोठं इंजिन बसवायचं, जुनं त्यांनीच घेऊन मोडीत घालायचं. गुरुवार ठरला. त्याआधीच्या रविवारी धाकट्याला ते कळलं आणि तो तिला घेऊन शेडमध्ये आला.

"काका, हिला सांगा," तो म्हणाला. "नंबर जुळणारं इंजिन काढलं की ती गाडी उरणार नाही. नुसतं कवच उरेल. उद्या कोणी जाणकार आला तर बॉनेट उघडून लगेच बंद करेल."

"मला विकायची नाहीये," थोरली म्हणाली. "मला चालवायची आहे. मूळ गेल्यावर दात ठेवून काय करायचं?"

"बाबांचं इंजिन आहे ते, ताई."

 थोरली कानसेनांकडे वळली. "ते मलाही कळतं. म्हणून काकांनाच विचारते. काका, गाडी ठेवून जाते. बुधवारी संध्याकाळी येईन. इंजिन गेलंय की नाही, एका शब्दात सांगा. तुम्ही गेलंय म्हणालात तर मग मला रडायचं नाहीये."

ती गेल्यावर कानसेन बराच वेळ त्या नारिंगी बॉनेटवर हात ठेवून उभे होते. आपण सहज बोललेल्या एका वाक्यावर तिच्या वडिलांचं इंजिन मोडीत निघालं होतं, आणि ते त्यांना मुळीच बरं वाटत नव्हतं.

सोमवारी त्यांनी प्लग काढून सहाही सिलिंडरांचा दाब मोजला. सहाही आकडे जवळजवळ सारखे, तरण्या इंजिनाला शोभतील असे. विश्वास बसेना म्हणून परत मोजले. तेच आले. इंजिन थकलेलं नव्हतं. मग ओढत का नव्हतं? पुढच्या तीन प्लगांचा रंग एक आणि मागच्या तिघांचा वेगळा होता, तो त्यांनी पाहिला आणि पेट्रोलवर ढकलला. मंगळवारी पुन्हा नळी लावली. डाव्या कानाला पुढचा, उजव्या कानाला मागचा. दोन्ही सारखे. कानसेनांनी नळी खिळ्याला लावली आणि त्या दिवशी दुपारचं जेवण त्यांना गेलं नाही.

बुधवारी सकाळी उठले ते मान अवघडूनच. उशी नवी होती. डोकं डाव्या खांद्याकडे कललं ते सरळ होईना. बायकोने तेल चोळलं, शेक दिला, "आज राहू दे" म्हणाली. पण आज संध्याकाळ होती. ते तसेच वाकडी मान घेऊन शेडमध्ये गेले, इंजिन सुरू केलं आणि सवयीने नळी डाव्या कानाला न्यायला लागले. कान खांद्याला टेकलेला, नळी जाईना. वैतागून त्यांनी पुढच्या कार्ब्युरेटरलाही उजवा कान लावला.

हवा केवढ्याने ओरडत होती.

त्याच कानाने त्यांनी मागचा ऐकला. तो कुजबुजत होता. कानसेनांनी नळी काढून फुंकर मारली, उलटी केली, पुन्हा ऐकलं. पुढचा ओरडत होता, मागचा कुजबुजत होता. मग दात आवळून त्यांनी मान सरळ केली, कळ सोसली आणि दोघांनाही आळीपाळीने डावा कान लावला. दोन्ही आवाज लांबून कुठून तरी आल्यासारखे, पण तिथेही पुढचाच मोठा. शेवटी नेहमीसारखं, पुढच्याला डावा आणि मागच्याला उजवा. सारखे. अगदी सारखे.

ते स्टुलावर बसले. डाव्या कानाला कमी ऐकू येत होतं, म्हणून ते पुढचा कार्ब्युरेटर जास्त जास्त उघडत गेले होते, दोन्ही आवाज सारखे वाटेपर्यंत. दोन्ही एकाच दांड्याने उघडतात, त्यामुळे पुढचा पुरता उघडून अडायचा, तेव्हा मागचा अजून अर्ध्या वाटेत असायचा. दोन वर्षं ती बिचारी गाडी साडेचार सिलिंडरांच्या ताकदीवर खाणीचा चढ चढत होती. थकलं होतं ते इंजिन नव्हतं. कानसेनांना लाज वाटली, इतकी की शेडमध्ये कोणी नसताना त्यांनी तोंड पुसून घेतलं.

दुरुस्ती दहा मिनिटांची. एकाच कानाने दोन्ही ऐकून त्यांनी आवाज जुळवले आणि मागच्या रस्त्यावर गाडी काढली. दुसऱ्याच वळणावर ती अशी सुटली की अवघडलेली मान सीटवर आपटून आपोआप मोकळी झाली. त्यांना हसू आलं आणि मग आलेलं हसू विरूनही गेलं. कारण परत येताना मनात एक सोपी वाट दिसायला लागली होती. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला होता, एवढं म्हटलं की झालं. इंजिन वाचतं, थोरली खूश, वर कानसेनांचं कौतुक. कोणाच्या बापाला कळणार नव्हतं.

पण शेडमध्ये आल्यावर त्यांनी बोटांवर मोजलं. या दोन वर्षांत दोन कार्ब्युरेटरच्या आणखी अकरा गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. त्या अकरांमध्येही कचरा अडकला होता, असं सांगता येणार नव्हतं.

ते घरात गेले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ते जाऊन तिच्यासमोर बसले, म्हणजे उजवा-डावा प्रश्नच नको.

"माझा डावा कान गेलाय," ते म्हणाले.

"दोन वर्षं मी लाइनवर आहे," ती म्हणाली. "आत्ता लागला फोन?"

त्यांनी सगळं सांगितलं. ती हसली नाही. घडी खाली ठेवून म्हणाली, "चला, मी ऐकते." आयुष्यात पहिल्यांदा ती त्या मडगार्डला टेकून उभी राहिली. नळी आधी एका कानाला, मग दुसऱ्या, पुढे, मागे, डोळे मिटून, एक्स्चेंजमध्ये बसायची तशी. इंजिन चालू होतं. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"दोन्हीकडे एकच माणूस बोलतोय," ती म्हणाली.

संध्याकाळी थोरली आली, मागोमाग धाकटाही. कानसेनांनी त्यांना बसा म्हटलं नाही. बसले असते तर पुन्हा प्रस्तावना करावी लागली असती.

"इंजिन ठणठणीत आहे," ते म्हणाले. "थकलाय तो माझा कान. दोन वर्षं मीच गाडी बिघडवत होतो आणि दोष तुझ्या बाबांच्या इंजिनाला देत होतो. आणखी अकरा जणांना उद्यापासून बोलावतोय. चूक माझी आहे."

 थोरलीने बॉनेटखालच्या पट्टीवरच्या नंबरावरून अंगठा फिरवला. मग फोन काढून त्या दुसऱ्या गॅरेजला गुरुवारचं रद्द करायला सांगितलं. फोन ठेवल्यावरही ती तशीच उभी होती.

"मी एकदा किडलेल्याच्या शेजारचा चांगला दात काढला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "नवीन होते तेव्हा. त्या माणसाला वाटलं, दोन्ही किडले होते. मी वाटू दिलं." तिने कानसेनांकडे पाहिलं. "त्याला अजून सांगितलेलं नाही."

"आहे का तो अजून?"

"आहे. दर सहा महिन्यांनी येतो. बाकीचे दात दाखवायला."

"मग वेळ गेलेली नाही," कानसेन म्हणाले.

धाकट्याला एवढी गंभीर हवा मानवत नसे. "म्हणून सांगतो, माझदा बरी," तो म्हणाला. "मर्यादा आली की बझर वाजवते."

"बझर मलाही होता रे," कानसेन म्हणाले. "लग्न करून आणलेला. पण वाजायचा डाव्या बाजूला."

थोरली आता हसली आणि तिचा आवाज नेहमीचा झाला. "काका, दोन वर्षांत मी चार गाड्या धुतल्या. त्या तुमच्याकडे निघतात."

"निघतात," त्यांनी मान्य केलं.

पुढच्या रविवारी फाटक पुन्हा उघडलं. पायथ्याशी बायकोने "सुटली" म्हटलं, ते कानसेनांनी उजव्या कानाने ऐकलं, आणि नारिंगी नाक शेवटच्या वळणावरून वर आलं तेव्हा घड्याळ न बघताच त्यांना निकाल कळला. सहा सेकंद. धाकट्याने उतारावरची वेळ मोजायची मागणी केली. ती नेहमीप्रमाणे फेटाळली गेली. धुवायची पाळी खरं तर त्याची होती, पण त्या दिवशी बादली कानसेनांनी उचलली. त्यापुढच्या रविवारी त्यांनी दोन्ही गाड्या पुन्हा धुतल्या आणि फेड पूर्ण केली.

त्या दुसऱ्या धुलाईनंतर ते मागच्या पायरीवर येऊन बसले. अंगणात दोन्ही गाड्या ओल्या उभ्या होत्या, नारिंगी आणि हिरवी, शेजारी शेजारी. डाव्या कानात चार दिवसांपूर्वी घेतलेलं ऐकायचं यंत्र होतं. बायकोची समजूत होती की ते डब्यात आहे, कारण पहिल्या दिवशी ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी काढून ठेवलं होतं. आज सकाळी गुपचूप बसवलं होतं. गाड्या कशा ऐकू येतात ते बघायला.

बायको चहा घेऊन आली आणि नेहमीसारखी डाव्या बाजूला बसली. थोडा वेळ ती गाड्यांकडे बघत होती. मग आपल्याशीच बोलायला लागली.

"हात बघा कसे झालेत पाण्याने. कचरा होता म्हणाला असता तर कोणाला कळणार होतं? मलासुद्धा नसतं कळलं. पण नाही. उभ्याउभ्या सांगून मोकळा. देवाने माणूस दिला तो बरा दिला. पण तोंडावर बोलायची सोय नाही, डोक्यावर चढून बसेल."

कानसेन समोर बघत राहिले. चहाचा कप हातात होता तो त्यांनी खाली ठेवला. दोन वर्षं ती त्या बाजूला बसून काय काय बोलली असेल, याचा हिशेब आता लागणार नव्हता.

"काही म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. मागच्या चाकाला माती राहिलीय म्हटलं."

"तू पुटपुटतेस," कानसेन म्हणाले आणि जरासे तिच्या बाजूला सरकून बसले.